पाचवं नाव

१

खडी फोडायच्या हातोडीचा तो आवाज गहिनीनाथनं पहिल्यांदा ऐकला त्र्याहत्तरच्या चैत्रात, कडा गावाच्या पुढं, माळावरच्या रस्त्याच्या कामावर. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. दुष्काळ दुसऱ्या सालात गेला होता आणि गावंच्या गावं कामावर येऊन बसली होती. पायाला चिंध्या गुंडाळायच्या, दगड चुंबळीत धरायचा आणि फोडायचा. त्यांच्या घरची चौघं एका ओळीत बसत. बाप हरिबा, आई, तो आणि अकरा वर्षांची बहीण तुळजा.

महिनाभर शेजारी बसलं की हातोडीवरून माणूस ओळखू येतो. बापाचा घाव जड, दोन घावांत श्वास घेण्याएवढी सोड. आईचा एकसारखा, जात्याच्या घरघरीसारखा. तुळजाची हातोडी हलकी. कधी दगडावरून निसटायची, मग ती स्वतःशीच हसायची.

त्या दुपारी पाणी प्यायला म्हणून गहिनीनाथनं हात थांबवला. ऐकू यायला हवे होते तीन आवाज. येत होते चार.

चौथा आवाज आई आणि तुळजा यांच्या मधून येत होता. मधे हातभर जागा होती. तिथं कुणी नव्हतं. दगडाचा पांढरा भुगा तेवढा पडला होता, आणि बघता बघता तो वाढत होता.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. मुळात तो कमी बोलणारा. एक वाक्य जुळवायला एवढा वेळ घ्यायचा की तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. आणि सांगून तरी काय? ऊन लागलंय म्हणाले असते. त्यानं स्वतःलाही तेच सांगितलं.

२

त्यानंतर त्रेचाळीस वर्षं गेली. गहिनीनाथची बायको गेली, जमीन भावकीकडं राहिली, आणि तो पुण्याला मुलाजवळ जाऊन राहिला. मुलगा बिभीषण चाकणच्या कंपनीत होता. सोळा सालच्या जानेवारीत कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो गेला. दोन खोल्यांचं भाडं, गोदाची शाळा, रोजचा भाजीपाला, दोन महिने ओढाताण करून तो एके दिवशी म्हणाला, "आबा, बीडच्या दूध संघात जागा हाय. पगार कमी, पण तिथं तेवढ्यात घर चालतं. जाऊ या का?"

गहिनीनाथ काही म्हणायच्या आत सून मनकर्णा म्हणाली, "जाऊ."

सामान टेंपोत भरलं. टेंपोवाला गेवराईकडचा होता, तोंडाचा फटकळ. "सगळं बीड पाण्यापायी पुण्याला पळायलंय, अन् तुमी उलटे कावून चाललात?"

"पुण्यात पाणी लई हाय," बिभीषण म्हणाला, "पण ते प्यायला डोक्यावर छप्पर लागतं ना."

बीडच्या बाहेर, पाली गावाच्या वाटेला एक सहकारी सूतगिरणी होती. बंद पडून अकरा वर्षं झाली होती. यंत्रं गेली, पत्रे गेले. कामगारांची गृहनिर्माण सोसायटी तेवढी मागं राहिली. चोवीस घरांची कॉलनी, त्यातली दहा घरं नांदती. अकरा नंबरचं घर त्यांना मिळालं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं परसू, दारासमोर एक कडुनिंब. भाडं पुण्याच्या चौथाई. मनकर्णानं स्वैपाकाच्या खोलीत उभी राहून दोन्ही हात पसरून बघितले. भिंतीला लागले नाहीत. ती हसली.

आठ वर्षांच्या गोदानं त्या दिवशीच आबाला ओट्यावर पाटी घेऊन बसवलं. पुण्यापासून तिचा हा उद्योग चालला होता. गहिनीनाथ दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. अक्षरं कधीच विसरून गेला होता. सहा महिने घासून गोदानं त्याला एक शब्द शिकवला होता, त्याचं नाव.

"आबा, ह ला पहिली वेलांटी, न ला दुसरी. परत उलटं केलंत."

"वय झालं माज्या वेलांट्यांचं," तो म्हणायचा, आणि पुसून पुन्हा काढायचा.

संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी आला. राधाकिशन. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता पूर्वी. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, काखेत लांबोडी वही. त्यानं पाण्याची रीत सांगितली. बिंदुसरा नदी आटली होती, नळ कधीच बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी टँकर यायचा. माणशी चार घागरी.

"मी एकेक नाव पुकारणार. ज्याचं नाव त्यानं 'हाय' म्हणायचं. हाय म्हणलं की चार घागरी. कुणी आजारी असंल, कामावर असंल, तर घरच्यानं म्हणायचं. पर हाय आल्याबिगर पाणी न्हाई. इथं भांडणं नकोत मला."

नावं लिहायला त्यानं वही बिभीषणच्या हातात दिली आणि शेजारच्या दारी बोलायला गेला. बिभीषणनं चार नावं लिहिली आणि पेन थांबवलं.

"तीन दिवसाला सोळा घागरी. पुरंल का गं?"

"पिऊन उरलं तर धुणं," मनकर्णा म्हणाली. "अन् पोरीची आंघोळ सोडून द्यायची."

बिभीषणनं आवाज खाली आणला. "एक नाव वाढवू. कोण बघतंय? आबा, सांगा पटकन एखादं गावाकडलं."

जन्मात कधी पटकन न बोललेला माणूस त्या दिवशी पटकन बोलला.

"म्हाळू."

बिभीषणनं लिहिलंही. शाई वाळेपर्यंत गहिनीनाथ वहीकडं बघत राहिला. हेच नाव त्याच्या बापानं त्र्याहत्तरला हजेरीपटावर घातलं होतं. कामावर माणशी सुकडी मिळायची, गोड पिठाची भुकटी. एका नावाची जास्त मिळावी म्हणून. म्हाळू नावाचं कुणी त्यांच्या घरात नव्हतं. भावकीत नव्हतं. बापाला ते कुठून सुचलं होतं, त्यानं कधी विचारलं नव्हतं.

आज आपल्याला कुठून सुचलं, हेही त्याला कळेना.

३

पहिला टँकर आला तेव्हा गंमतच झाली. राधाकिशन लिंबाखाली स्टुलावर बसला. दारोदार घागरी मांडलेल्या.

"गहिनीनाथ हरिबा!"

"हाय."

"बिभीषण!"

"हाय."

"मनकर्णा!"

"हाय."

"गोदावरी!"

"हजर!" गोदा शाळेतल्यासारखी ओरडली. सगळी कॉलनी हसली.

"म्हाळू!"

बिभीषण दाराआड सरकला आणि तोंडावर रुमाल धरून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हाय."

मनकर्णानं पदर तोंडात धरला. राधाकिशननं चष्म्यावरून बघितलं. "म्हाळूचा घसा बसलाय वाटतं. बरं, द्या त्याच्या चार."

त्या चार घागरी मनकर्णानं मागच्या परसात निळ्या पिंपात वेगळ्या ठेवल्या, धुण्यासाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर पिंप कोरडं. बुडाला ओलसुद्धा नाही.

"पिंप हाय का चाळणी?" ती म्हणाली.

बिभीषणनं पिंप उलटं करून उन्हात धरलं. भोक दिसेना. पुढच्या वेळी त्यानं पिंपाखाली राख पसरली. पाणी पुन्हा गेलं, राख कोरडीच राहिली. मग त्यांनी पिंप घरात घेतलं. तरी गेलं. मनकर्णानं गोदावर डोळे वटारले, शेजारच्या मांजरावर संशय घेतला, शेवटी उन्हाला शिव्या दिल्या. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन. पाणी उडतं, असं बिभीषण म्हणाला. दूध संघात त्याला असल्या गोष्टी कळायला लागल्या होत्या.

गहिनीनाथनंही मनाशी तेच धरलं. पाणी उडतं. पण शेजारच्या हंड्यांतलं का उडत नाही? सोळा घागरींना काही होत नव्हतं. जात होत्या त्या बरोबर चार.

एका सकाळी त्यानं पिंपाच्या झाकणावरून बोट फिरवलं. कॉलनीची जमीन काळी. वाऱ्यानं धूळ आली तरी ती काळीच असायची. त्याच्या बोटाला लागलेली पूड पांढरी होती, आणि चुरचुरीत.

त्यानं बोट धोतराला पुसलं.

४

पाचव्या की सहाव्या टँकरला बिभीषण ड्यूटीवर होता. जाताना सांगून गेला, "आबा, म्हाळूचं तुमी म्हणा. जरा चटकन म्हणा, न्हाईतर राधाकिशन पुढच्या घरी जाईल."

गहिनीनाथ लिंबाच्या बुंध्याशी उभा राहिला. मनकर्णा पाईप धरून घागरीशी. गोदा सावलीला पाय ओढून बसलेली. बिभीषणचं "हाय" मनकर्णानं म्हटलं. गोदा "हजर" म्हणाली.

"म्हाळू!"

गहिनीनाथनं शब्द तोंडात आणला. ओठ उघडले.

"हाय."

आवाज घरातून आला. मोठा नव्हता. आतल्या खोलीत कुणी निवांत बसलेलं असावं, आणि तिथूनच बोलावं, तसा.

राधाकिशननं टिंब काढलं. मनकर्णानं पुढची घागर सरकवली. तिची पाठ म्हाताऱ्याकडं होती, तिला वाटलं तोच बोलला. गोदा मात्र आबाच्या तोंडाकडं बघत होती. तिचे डोळे मोठे झाले.

"आबा! तोंड न हलवता कसं बोललात? मला शिकवा ना!"

"हं," गहिनीनाथ म्हणाला.

तो आत गेला. दोन खोल्यांचं घर, लपायला जागा नाही. पुढची खोली रिकामी. मधला पडदा हलत नव्हता. स्वैपाकाच्या खोलीत फळीवर पेले पालथे घातलेले, रोजच्यासारखे. त्यातला एक उताणा होता. त्याच्या तळाला दोन थेंब होते, आणि बाहेरून पांढऱ्या बोटांचे ठसे. बोटं मोठी नव्हती, लहानही नव्हती.

बाहेर टँकरच्या पाईपचा आवाज चालू होता. मनकर्णा कुणाला तरी म्हणत होती, "अहो ताई, सरका की जरा, माजं अजून व्हायचंय." सगळं नेहमीचं होतं. म्हाताऱ्या माणसाला भास होतात. या वयात कानही फसवतात. पण पोरीचे कान?

पेला त्यानं धोतरानं पुसला आणि पालथा घातला.

५

टँकरचा दिवस सोडला तर दुपारी बारा ते चार कॉलनीत कुणी बाहेर पडत नसे. मनकर्णा आणि गोदा आत पंख्याखाली निजत. गहिनीनाथ ओट्यावरच्या बाजेवर पडे, तोंडावर उपरणं घेऊन.

ठक्.

त्यानं डोळे उघडले नाहीत. गिरणीत भंगारवाले येतात, असं राधाकिशन म्हणालेला. लोखंड तोडत असतील.

ठक्. ठक्.

लोखंडाचा आवाज असा नसतो. हा दगड होता. घाई नाही, थकवा नाही. बापाचा हात नाही, आईचा नाही. तुळजाचा तर नाहीच. ती ओळ त्याला अजून पाठ होती, आणि त्या ओळीतला उरलेला हात कोणता, हेही ठाऊक होतं.

तो उठून घराला वळसा घालून मागं गेला. आवाज थांबला. परसाच्या पायरीवर ओंजळभर खडी पडली होती. ताजी, कडा बोटाला लागतील अशा. तिच्यापुढं जमिनीवर कुणी तरी मांडी घालून बसल्यासारखी जागा साफ झाली होती. त्यानं खडी उपरण्यात गोळा केली आणि गिरणीच्या खड्ड्यात नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तेवढीच पुन्हा. त्यानं पुन्हा नेऊन टाकली. घरात कुणाला बोलला नाही.

बाजेवर पडल्या पडल्या मात्र त्याला त्र्याहत्तरचं सगळं आठवायला लागलं. जे आठवायचं नाही म्हणून त्यानं उभा जन्म काढला होता, तेही.

कामावर मोजणीला साहेब येणार म्हणून बापानं आदल्या दिवशी म्हाळूचं नाव खोडून घेतलं होतं. पटावर पाचाचे चार झाले. साहेबानं मोजलं, चार भरले. संध्याकाळी खोपीत आईनं चार भाकरी टाकल्या. गहिनीनाथ बाहेर बघत होता, तुळजा अजून कशी आली नाही म्हणून.

"तुळजा कुठं हाय?" त्यानं विचारलं.

आई त्याच्याकडं बघत राहिली. परक्या घरातल्या कुणाचं नाव ऐकावं, तशी. बाप म्हणाला, "जेव गप." आणि चौघं जेवली. चौथी भाकरी कुणी मोडली, ते गहिनीनाथनं मान वर करून बघितलं नाही. अडीच महिने तो तसाच खाली मान घालून जेवला.

मग पाऊस लागला. त्याच दिवशी आई ऊर बडवत माळावर धावली. माझी तुळजा कुठं हाय, माझी तुळजा कुठं हाय. लोक म्हणाले, उन्हानं बाईचं डोकं फिरलं. पोरगी पटकीनं कधीच गेली असणार. त्या साली पोरं कमी गेली नव्हती. कुणाला खोटं वाटलं नाही. त्या संध्याकाळी तीनच भाकरी झाल्या, आणि हातोडी पुन्हा कधी वाजली नाही.

बाजेवर गहिनीनाथ कुशीवर वळला. आत झोपेत गोदा काहीतरी पुटपुटली. तिचा आवाज ऐकून त्याला बरं वाटलं.

६

एप्रिलच्या शेवटी राधाकिशन दारोदार सांगत आला. "उद्या तहसीलचे लोक डोकी मोजायला येणार हायेत. वहीत एक नाव जरी जास्त निघालं ना, सगळ्या कॉलनीचा टँकर बंद. ज्याचं काय असंल त्यानं त्याच्या आत निस्तरा. मी काई बघितलं न्हाई."

बिभीषण हसला. "चला, म्हाळूला गावाकडं धाडायची वेळ आली. उद्या सकाळी खोडून टाकतो."

दुपारचे बारा वाजले होते. रविवार, म्हणून बिभीषण घरी. मनकर्णानं ताटं केली. पिठलं, भाकरी, कांदा. बिभीषणचं ताट, गहिनीनाथचं, तिचं स्वतःचं, आणि एक भिंतीकडेला. गोदा हात धुऊन आली आणि उभी राहिली.

"आई, मला?"

मनकर्णानं वर बघितलं. बघत राहिली. शेजारच्या पोरीचं नाव आठवत नसावं आणि ते आता आठवेल असं वाटावं, तेवढा वेळ. बिभीषण खाली बघून कांदा फोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

गहिनीनाथचा घास हातात राहिला.

"मनकर्णा," तो म्हणाला, "गोदाला वाढ."

"अगं बया!" मनकर्णा भानावर आली, हसली, कपाळावर हात मारला. "मामा, या उन्हानं माजं डोकंच चालंना झालंय. ये गं माजे राणी." तिनं पाचवं ताट घेतलं.

भिंतीकडेचं ताट कुणी उचललं नाही. कुणी त्याच्याकडं बघितलंही नाही. गहिनीनाथनंही मान खाली घातली. हाडांत मुरलेली सवय होती. जेवणं झाल्यावर मनकर्णानं ताटं गोळा केली तेव्हा ते पुसून खाल्ल्यासारखं स्वच्छ होतं.

तिसऱ्या प्रहरी त्यानं मुलाला लिंबाखाली गाठलं.

"बिभीषण. त्याचं नाव खोडू नको."

"कावून?"

गहिनीनाथ शब्द जुळवायला लागला. "त्र्याहत्तरला... तुजी एक आत्या होती..."

"आबा, आत्याचं नंतर सांगा. हे बघा, मोजणीत घावलो तर धा घरं माज्या नावानं बोंबलतील. चार दिवसाची वळख आपली. अन् टँकर बंद झाला तर पोरीला काय पाजू? परत पुण्याला जायची सोय ऱ्हायली न्हाई आता." त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "आपण चौघं. वहीत चारच पाहिजेत. चुकलं का माजं?"

चुकलं नव्हतं. पाचाचे चार होणार होते. ते कुणाला टळणार नव्हतं. त्यातलं कोण कमी व्हायचं, तेवढंच अजून कुणी ठरवलं नव्हतं. आणि आज दुपारी ताटं मांडताना ते ठरत आलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "बरोबर हाय. चारच पाहिजेत. मी सांगतो राधाकिशनला. तू ड्यूटी कर."

संध्याकाळी गोदा पाटी घेऊन आली. त्या दिवशी त्यानं दोन्ही वेलांट्या बरोबर काढल्या. गोदानं टाळी वाजवली आणि पाटीवर दहापैकी दहा दिले. तो पाटी पुसेना. तशीच घेऊन बसला.

७

सकाळी राधाकिशन दात घासत होता.

"म्हाळूचं खोडायचंय ना? बिभीषण बोलला काल."

"म्हाळूचं ऱ्हाऊ द्या," गहिनीनाथ म्हणाला. "माजं खोडा."

राधाकिशननं चूळ भरली, थुंकला, आणि हसायला लागला. "मंजी साहेबापुढं तुमीच म्हाळू होऊन बसणार? डोकं एक अन् नाव एक, हिशेब बरोबर! लई बेरकी हाव की तुमी. दिसता गरीब."

त्यानं वही उघडून पुढं केली. गहिनीनाथला त्या पानावरचं एकच नाव वाचता येत होतं. ह ला पहिली वेलांटी, न ला दुसरी. त्यानं पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यावर रेघ मारली. सरळ, सावकाश.

वही परत देताना त्यानं बघितलं. राधाकिशन त्याच्याकडं बघत होता. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ते कशाचं, हे राधाकिशनच्या ध्यानात राहिलेलं दिसेना.

"बसा बाबा," तो म्हणाला. "काय काम काढलं?"

गहिनीनाथ लिंबाकडं परतला. मागून हातोडीचा आवाज येत होता. दोन घाव. मग थांबला.

अकराच्या सुमाराला तहसीलची जीप आली. चौकड्यांच्या शर्टातला एक साहेब, एक शिपाई. एकेक दार करत अकरा नंबरशी आले. बिभीषण मोजणीसाठी थांबला होता. राधाकिशननं वही धरली.

"बिभीषण."

"हाय."

"मनकर्णा."

"हाय."

"गोदावरी."

"हजर!"

तो आवाज ऐकून लिंबाखाली म्हाताऱ्यानं डोळे मिटले. आहे. पोरगी आहे.

"म्हाळू."

क्षणभर काही आलं नाही. साहेबानं वर बघितलं. मग ओट्यावरच्या बाजेवरून, शब्द जुळवायला वेळ घेत घेत, उत्तर आलं.

"हाय."

तो गहिनीनाथचाच आवाज होता.

त्यानं डोळे उघडले. बाजेवर कुणी तरी पाठ करून बसलं होतं. अंगावर त्याचंच धोतर, खांद्यावर त्याचंच उपरणं. केस पांढरे. गोदा मागं उभी राहून त्या केसांवरून हात फिरवत होती, आणि तिच्या हातासरशी पांढरी धूळ उडत होती. बाजेखाली लोंबणारे पाय चिंध्यांनी गुंडाळलेले होते. घोट्यापर्यंत, घट्ट. खडी फोडायला बसताना गुंडाळतात तसे.

"चार," साहेब म्हणाला. "बरोबर." आणि पुढच्या दाराकडं गेला.

"मामा, च्या ठेवू का?" मनकर्णानं बाजेकडं बघून विचारलं.

"आबा, पाटी आणू?" गोदा म्हणाली. बाजेवरच्यानं मान हलवली. तोंड वळवलं नाही.

गहिनीनाथ एक पाऊल पुढं आला. बिभीषणचं त्याच्याकडं लक्ष गेलं. उन्हात उभ्या असलेल्या अनोळखी म्हाताऱ्याकडं बघावं, तसं त्यानं बघितलं. चांगल्या मनानं.

"कुणाकडं आलता, बाबा?"

गहिनीनाथनं उत्तर जुळवायला घेतलं. नेहमीसारखा वेळ लागत होता.

"गोदे," बिभीषण म्हणाला, "त्यांना पाणी दे आधी. ऊन बघ कसलं हाय."

गोदा आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. काठोकाठ, एक थेंब न सांडता. ती त्याच्या अगदी जवळ उभी राहिली. तिच्या बोटांना पांढरी धूळ लागली होती.

"आजोबा, पाणी घ्या," ती म्हणाली. पुण्यात वाटेवरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणायची, तसं.

त्यानं पेला दोन्ही हातांनी घेतला. सगळं पाणी प्यायला, तळाच्या थेंबापर्यंत. मग पेला पुसायला उपरणं शोधत त्याचा हात खांद्यावर गेला. खांदा मोकळा होता. त्यानं तळहातानं पेल्याचा काठ पुसला आणि पेला तिच्या हातात दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. परक्या पोरीच्या डोक्यावर कसा ठेवणार?

आभाळ कोरं होतं. मृगाला अजून पाच आठवडे होते. पाऊस लागला की ही पोरगी ओट्यावर उभी राहील आणि विचारील, आबा कुठं गेले.

"बाबा," बिभीषणनं पुन्हा विचारलं, "कुणाकडं आलता तुमी?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं एकदा नीट बघून घेतलं. मग वळला, आणि पालीच्या वाटेला लागला.